मत्स्यालयातील ‘रेती उपसा’

सिंदी (मेघे), प्रतिनिधी

रेती उपसा म्हटले की वर्धा जिल्ह्यातील माणसाच्या डोळ्यांसमोर नदीचे पात्र, रेतीघाटांचे लिलाव आणि रात्रीच्या अंधारात धावणारे ट्रॅक्टर उभे राहतात. हा उपसा घराच्या दिवाणखान्यातही होऊ शकतो आणि तो करणारा वीतभर लांबीचा मासा असतो, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय हौसेने उभारावे, तळाशी पांढरीशुभ्र वाळू अंथरावी, तिच्यावर दगडांची सुबक रचना करावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे तो एका कोपऱ्यात वाळूचा ढीग, दुसऱ्या कोपऱ्यात उघडी पडलेली काच आणि मधला दगड कललेला! अशा वेळी नव्या हौशी माणसाचा पहिला प्रश्न असतो, ‘या माशाचे करायचे काय?’

समुद्री मासे काचेआडून न्याहाळण्याची गोडी मराठी माणसाला लावली ती मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने. मुंबई पाहायला गेलेल्या विदर्भातील कितीतरी कुटुंबांना समुद्रातले जिवंत मासे प्रथम तेथेच दिसले. तीच हौस घरी करायची, तर वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी (मेघे) येथून मुंबईचा समुद्र रेल्वेमार्गाने सुमारे साडेसातशे किलोमीटर दूर आहे. येथे समुद्राचे पाणीसुद्धा घरीच तयार करावे लागते. ‘आरओ’च्या शुद्ध पाण्यात मत्स्यालयासाठीचे खास मीठ मिसळून क्षारता दर लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास आणावी लागते. मासाही प्लॅस्टिकच्या पिशवीतून लांबचा प्रवास करून येतो. त्यामुळे चूक झाल्यावर सुधारण्यापेक्षा माशाचा स्वभाव आधीच जाणून घेणे शहाणपणाचे ठरते.

मासा खणतो कशासाठी?

खणणे ही माशाची खोड नव्हे, तो त्याचा जीवनक्रम आहे. कोकणच्या खाड्यांत ओहोटीच्या वेळी चिखलावर उड्या मारणारी निवटी अनेकांनी पाहिली असेल. ती चिखलात बीळ खणून राहते. मत्स्यालयातील गोबी मासे याच निवटीचे नातलग. समुद्राच्या तळाशी आडोसा कमी आणि शत्रू फार, तेव्हा जमीन उकरणे हाच जगण्याचा मार्ग. यामागची कारणे मुख्यतः तीन : अन्न, घर आणि झोप.

अन्नासाठी खणणाऱ्यांत ‘डायमंड गोबी’ सर्वांत परिचित. तोंडभर वाळू घ्यायची, तिच्यातील बारीक कृमी व कवचधारी जीव कल्ल्यांजवळच्या चाळणीत अडकवायचे आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडायची, हे त्याचे काम दिवसभर चालते. आपल्याकडे सुपाने धान्य पाखडतात, तसाच हा प्रकार. वाळू त्यामुळे स्वच्छ राहते आणि म्हणूनच अनेकजण त्याला ‘सफाई कामगार’ म्हणून विकत आणतात.

घरासाठी खणणाऱ्यांत ‘जॉफिश’ हा कुशल गवंडी म्हणावा लागेल. तो उभे बीळ खणतो आणि कडा ढासळू नये म्हणून शिंपल्यांचे तुकडे व खडे तोंडाने आणून रचतो. काही गोबींनी हे काम ‘पिस्तूल कोळंबी’वर सोपवले आहे. एका नांगीच्या फटक्याने पाण्यात स्फोटासारखा आवाज काढणारी ही कोळंबी बीळ खणते, पण तिची दृष्टी अधू असते. म्हणून तिची मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकलेली असते. धोका दिसताच गोबी शेपटी थरथरवतो आणि दोघेही बिळात शिरतात. एकाने खणायचे आणि दुसऱ्याने पहारा द्यायचा, असा हा करार!

‘इंजिनिअर गोबी’ या नावाने विकला जाणारा मासा मात्र खरा गोबी नव्हे. दुकानात तो बोटाएवढा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, देखणा दिसतो. पुढे तो फूटभर वाढतो आणि दगडांखाली भुयारांचे जाळे विणतो. लहान टाकीत तो आणूच नये.

तिसरे कारण झोपेचे. रास जातीतील कित्येक मासे दिवे मालवताच वाळूत सूर मारतात आणि रात्रभर तेथेच पडून राहतात. नवा आणलेला मासा दिसेनासा झाला म्हणून वाळू उकरून शोधू नये. नव्या घरात रुळेपर्यंत काही दिवस तो असाच दडून राहू शकतो.

धोका नेमका कोठे?

खणण्याने होणारे नुकसान तीन प्रकारचे. पहिले आणि सर्वांत गंभीर म्हणजे दगड कोसळणे. वाळूवर ठेवलेल्या दगडाखालची वाळू माशाने काढली की दगड खाली येतो. मासा चिरडला जातो किंवा काच तडकते. २०० लिटरच्या टाकीतील केवळ पाण्याचेच वजन २०० किलोहून अधिक असते, हे ध्यानात घेतले की काच तडकण्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

दुसरे नुकसान तळाशी बसलेल्या जीवांचे. गोबीच्या कल्ल्यांतून पडणारी वाळू त्यांच्यावर साचते आणि ते गुदमरतात.

तिसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. वाळूचा थर चार इंचांहून जाड असेल, तर खालच्या भागात प्राणवायू पोहोचत नाही. तेथील जिवाणू पाण्यातील नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात, ही जमेची बाजू. परंतु याच थरात सडक्या अंड्यांसारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायूही तयार होऊ शकतो. अनेक महिने न हललेल्या अशा जुन्या थरात एकाएकी खणणारा मासा सोडला, तर दडलेली घाण व वायू पाण्यात मिसळून सगळ्याच माशांवर संकट ओढवू शकते.

आधी दगड, मग वाळू

यावरचा खात्रीचा उपाय घर बांधण्याच्या नियमासारखाच आहे : पाया पक्का हवा. दगड वाळूवर न ठेवता थेट टाकीच्या तळावर, शक्य तर जाड प्लॅस्टिकच्या जाळीवर किंवा पीव्हीसी पाइपच्या पायांवर ठेवावेत. वरचे दगड मत्स्यालयासाठीच्या इपॉक्सीने जोडून घ्यावेत. हाताने हलवून पाहावे, डगमगत असल्यास पुन्हा रचावे आणि मगच वाळू ओतावी. अशा टाकीत माशाने सगळी वाळू उपसली, तरी दगड जागचा हलत नाही.

वाळूची निवडही माशानुसार करावी. पाखडणाऱ्या गोबीला बारीक, गोलसर कणांची वाळू लागते. टोकदार खडीने त्याच्या तोंडाला इजा होते. त्याच्यासाठी दीड-दोन इंचांचा थर पुरे. जॉफिशला मात्र पाच-सहा इंच खोली आणि बारीक वाळूबरोबर खडे-शिंपल्यांचे मिश्रण द्यावे. नुसत्या बारीक वाळूत त्याचे बीळ टिकत नाही. पाणी फिरवणाऱ्या पंपाचा झोत तळावर येणार नाही, असा वळवावा. पुष्कळदा उघडी पडलेली काच ही माशाची नव्हे, पंपाची करामत असते!

एखादा कोपरा माशाने घरासाठी निवडलाच, तर रोज वाळू सारखी करण्याचा हट्ट सोडावा. आपण बुजवायचे आणि त्याने पुन्हा खणायचे, यात मासा थकतो, बुजतो आणि खाणे सोडतो. बीळ पक्के झाले की त्याचे खोदकाम बहुधा आपोआप कमी होते.

कामगार उपाशी राहू नये

या साऱ्यात सर्वाधिक दुर्लक्षित प्रश्न भुकेचा. ‘वाळू साफ ठेवतो’ म्हणून आणलेला गोबी काही आठवड्यांत वाळूतील सगळे जीव संपवतो. त्यानंतरही तो दिवसभर वाळू पाखडत राहतो. पाहणाऱ्याला वाटते, मासा मजेत आहे. प्रत्यक्षात चाळणीत काहीच उरत नसते आणि मासा दिवसेंदिवस खंगत जातो. त्याचे पोट आत गेलेले आणि पाठीची कड उठून दिसू लागली, तर ती उपासमारीची खूण समजावी. दिवसातून दोन-तीन वेळा तळाशी बुडणारे खाद्य, गोठवलेली आर्टेमिया किंवा स्वच्छ धुऊन अगदी बारीक चिरलेली कोळंबी द्यावी. दुकानातच मासा खाताना पाहून मग विकत घ्यावा. टाकी लहान असेल, नुकतीच सुरू झाली असेल, तर हा मासा न आणणेच बरे.

सफाईसाठी पर्याय हवा असेल, तर वाळूत राहून उरलेसुरले खाद्य शोधणारे नॅसेरियस शंख उपयोगी पडतात. समुद्री काकडीचा सल्ला परदेशी पुस्तकांत आढळतो. परंतु भारतात समुद्री काकडी आणि दगडी प्रवाळ यांना २००१ साली वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली संरक्षण देण्यात आले. आपल्या समुद्रातून ते काढणे व विकणे गुन्हा आहे. कोणी स्वस्तात देऊ केले, तरी मोह टाळावा.

विदर्भाचा उन्हाळा

गोबी आणि जॉफिश दचकले की उडी मारतात, म्हणून टाकीवर झाकण हवेच. पण वर्ध्याच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात काचेचे घट्ट झाकण म्हणजे भट्टी. त्याऐवजी बारीक जाळी ताणून बसवावी आणि पाण्यावर छोटा पंखा सोडावा. कोरड्या हवेत आपला वाळ्याचा कूलर जसा चांगला चालतो, त्याच न्यायाने बाष्पीभवनामुळे टाकीचे पाणीही काही अंशांनी थंड होते. मात्र उडून जाते ते केवळ पाणी, मीठ मागेच उरते. म्हणून रोजची भर नेहमी गोड्या, शुद्ध पाण्याचीच घालावी. वीज गेल्यावर चालेल असा बॅटरीचा हवापंपही जवळ ठेवावा. कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि त्याची झळ बिळात दडलेल्या माशालाही लागते.

थोडक्यात, खणणाऱ्या माशाला शिस्त लावता येत नाही. टाकी मात्र त्याच्यासाठी सज्ज करता येते. रचना पक्की असेल आणि माशाचे पोट भरलेले असेल, तर सकाळी दिसणारा वाळूचा ढीग हे नुकसान नव्हे, मासा घरात रुळल्याची खूण आहे. आणि समुद्रापासून साडेसातशे किलोमीटरवर आणलेल्या त्या जिवाला निदान एवढे खणण्याचे स्वातंत्र्य तरी आपण द्यायलाच हवे.