संगणकाचा आजार आणि घाईचे औषध

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातल्या विमानतळांवर, बँकांत आणि रुग्णालयांत संगणकांचे पडदे एकाएकी निळे झाले. भारतात काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. काही देशांत ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. सुरुवातीला अनेकांना हा सायबर हल्ला वाटला, पण कारण साधे होते. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या अपडेटमधली एक फाइल सदोष होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तेवढ्याने सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले.

त्यावरचा उपायही तितकाच साधा होता. संगणक ‘सेफ मोड’मध्ये, म्हणजे अत्यावश्यक तेवढ्याच गोष्टी चालू ठेवून सुरू करायचा, ती एक फाइल शोधून काढून टाकायची आणि संगणक पुन्हा नेहमीसारखा सुरू करायचा. लोकांची कागदपत्रे, फोटो, हिशेब हे सगळे जागच्या जागी होते. यंत्र निपचित पडले होते, त्यातला ऐवज शाबूत होता.

घरच्या संगणकाचेही बहुतेक वेळा असेच असते. तरीही पडदा निळा झाला किंवा ‘परवानगी नाही’ असा संदेश आला, की घाबरून भलतेच काही केले जाते आणि जे वाचले असते तेही जाते.

जाण्यासारखे काय असते?

घरातल्या संगणकात पगाराच्या पावत्या असतात, पेन्शनची कागदपत्रे असतात, गेलेल्या माणसाचे फोटो आणि आवाज असतात. अलीकडे त्यात वैद्यकीय अहवालांची भर पडली आहे. छातीत दुखू लागलेल्या रुग्णाचा दोन वर्षांपूर्वीचा ईसीजी शेजारी ठेवता आला, तर आजच्या आलेखातला बदल नवा की जुना हे डॉक्टरांना चटकन कळते. मधुमेहाच्या रुग्णाची पाच वर्षांची एचबीएवनसी, मूत्रपिंडाच्या रुग्णाचे क्रिएटिनिन, कर्करोगाच्या रुग्णाचे जुने सीटी स्कॅन यांचेही मोल असेच. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपण्याचे बंधन डॉक्टरांवर घातलेले आहे. त्यानंतर तो कागद रुग्णालयात मिळेलच याची खात्री नसते. पुष्कळदा घरच्या संगणकातली प्रत हीच शेवटची प्रत असते.

म्हणून संगणक कुरकुर करू लागला, की पहिले काम दुरुस्तीचे नसून आपल्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेण्याचे असते. अपघात विभागात रुग्ण आला, की आधी श्वास आणि नाडी सांभाळतात, हाड नंतर बसवतात. क्रम तोच.

दोन वेगळे आजार

विंडोज संगणकात दोन प्रकारच्या फायली असतात. एक आपल्या, म्हणजे पत्रे, फोटो, अहवाल. दुसऱ्या यंत्रणेच्या, म्हणजे संगणक चालवणाऱ्या ‘सिस्टिम फाइल्स’. तक्रारीही साधारण दोन प्रकारच्या असतात. यंत्रणेची फाइल खराब होणे हा एक आजार, आणि फाइल धडधाकट असूनही ती उघडण्याचा अधिकार नसणे हा दुसरा. दोन्हींची लक्षणे वापरणाऱ्याला सारखीच त्रासदायक वाटतात. उपचार मात्र पूर्ण वेगळे आहेत.

निदानासाठी इथेही आधी नीट विचारपूस लागते. पडद्यावरचा संदेश शब्दशः काय आहे, हे मोबाइलने फोटो काढून ठेवावे. तक्रार कधीपासून आहे, त्याच्या आदल्या दिवशी काय बदलले, नवा प्रिंटर जोडला, नवा प्रोग्राम टाकला की अपडेट सुरू असताना वीज गेली, हे लिहून काढावे. मग संगणक ‘रिस्टार्ट’ करावा. ‘शटडाउन’ करून पुन्हा सुरू करणे आणि ‘रिस्टार्ट’ करणे नेहमी सारखे नसते. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ची सोय चालू असेल, तर शटडाउन करताना यंत्रणेच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. रिस्टार्टमध्ये सगळे नव्याने सुरू होते. काही तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

यंत्रणेची फाइल खराब होते तेव्हा

लिहिण्याचे काम चालू असताना वीज जाणे, डिस्क झिजणे, मेमरीत दोष असणे, अपडेट अर्धवट राहणे किंवा व्हायरस शिरणे ही फाइल खराब होण्याची नेहमीची कारणे. यातले कोणते कारण आहे ते पाहिल्याशिवाय फाइल दुरुस्त करणे म्हणजे ताप का आला ते न पाहता पॅरासिटामॉल देत राहणे. डिस्क टकटक आवाज करत असेल, साधी फाइल उघडायला मिनिटे लागत असतील, तर आधी प्रत घ्यावी आणि डिस्क बदलावी. ‘चेकडिस्क’ नावाचे साधन डिस्कवरच्या फायलींची मांडणी तपासते आणि सुधारते, पण झिजलेली डिस्क ते तरुण करत नाही. उलट मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर तासन्‌तास तपासणी चालवली, तर तिची उरलीसुरली ताकद त्यातच खर्ची पडू शकते.

डिस्क ठणठणीत असेल, तर विंडोजजवळ स्वतःची औषधपेटी असते. यंत्रणेच्या फायलींच्या मूळ प्रती विंडोज एका राखीव साठ्यात ठेवते. ‘सिस्टिम फाइल चेकर’ हे साधन संरक्षित फायली एकेक करून तपासते आणि बिघडलेली सापडली, तर साठ्यातली चांगली प्रत तिच्या जागी ठेवते. पण साठाच खराब असेल तर? त्यासाठी ‘डिस्म’ हे दुसरे साधन आहे. ते मायक्रोसॉफ्टच्या अपडेट सेवेवरून चांगल्या प्रती आणून साठा दुरुस्त करते. म्हणून क्रम असा: आधी डिस्म, मग फाइल चेकर. पहिल्यासाठी इंटरनेट लागते. दोन्ही साधने ‘कमांड प्रॉम्प्ट’ची खिडकी ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडूनच चालवावी लागतात. आज्ञा मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत मदत-पानावरून जशीच्या तशी उतरवून घ्यावी. मधली मोकळी जागा किंवा तिरकी रेघ चुकली तर आज्ञा चालत नाही.

टक्केवारीचा आकडा बराच वेळ एकाच जागी थांबलेला दिसतो. खिडकी बंद करण्याची घाई करू नये. शेवटी साधारण तीनपैकी एक निकाल येतो. काही बिघाड नाही. बिघाड सापडला आणि दुरुस्त झाला. किंवा बिघाड सापडला पण काही फायली दुरुस्त झाल्या नाहीत. तिसऱ्या निकालानंतर डिस्म आणि फाइल चेकर पुन्हा एकदा चालवून पाहावे. पहिला निकाल आला आणि तक्रार तशीच राहिली, तर दोष दुसरीकडे आहे असे समजून शोध पुढे न्यावा.

‘अमुक डीएलएल फाइल सापडत नाही’ हा संदेश फसवा असतो. त्या नावाने शोध घेतला, की ती फाइल फुकट देऊ करणारी डझनभर संकेतस्थळे समोर येतात. तिथून फाइल घेणे म्हणजे रस्त्यावरून सुट्या, बिननावाच्या गोळ्या घेणे. ‘एमएसव्हीसीपी १४०’ किंवा ‘व्हीसीरनटाइम १४०’ या नावाची फाइल हरवली असेल, तर ती मायक्रोसॉफ्टच्या ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्युटेबल’ या संचाचा भाग असते. तो पूर्ण संच मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. इतर वेळी तक्रार करणारा प्रोग्राम काढून पुन्हा टाकावा.

‘तुम्हाला परवानगी नाही’

दुसरा आजार कुलपाचा. विंडोजमध्ये प्रत्येक फाइलला एक मालक असतो आणि एक यादी असते. कोणी वाचायचे, कोणी बदलायचे, कोणी पुसायचे हे त्या यादीत लिहिलेले असते. यातली खोच अशी, की विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही. प्रत्येक खात्याला ते एक लांबलचक क्रमांक देते आणि यादीत तो क्रमांक नोंदवते. संगणक बिघडला, विंडोज नव्याने टाकले, खात्याला पूर्वीचेच नाव दिले, तरी क्रमांक नवा असतो. जुन्या डिस्कवरच्या फोटोंच्या दृष्टीने नव्या खात्याचा माणूस परका ठरतो. ‘ॲक्सेस डिनाइड’ असा संदेश येतो आणि फोटो गेले असे समजून कोणी डिस्क पुसून टाकतो. फोटो तिथेच असतात, फक्त कुलपाची किल्ली बदललेली असते.

अशा वेळी त्या फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘सिक्युरिटी’, मग ‘ॲडव्हान्स्ड’ निवडून मालक म्हणून नवे खाते नोंदवावे आणि त्याला वाचण्याचा अधिकार द्यावा. हे फक्त त्या एका फोल्डरपुरते करावे. कंटाळून संपूर्ण ‘सी’ ड्राइव्हवर ‘एव्हरीवन’ला पूर्ण अधिकार देणे हा सर्वांत घातक घरगुती उपाय आहे. मग कोणताही व्हायरस यंत्रणेची कोणतीही फाइल बदलू शकतो, आणि मूळचे हजारो अधिकार पूर्ववत करणे जवळजवळ अशक्य होते.

यंत्रणेच्या बऱ्याच फायलींचा मालक ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ असतो, आणि ॲडमिनिस्ट्रेटरलाही त्या सहज बदलता येत नाहीत. हा बिघाड नाही. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ही रचना मुद्दाम केलेली आहे. रुग्णालयात मॉर्फिनचे कपाट कुलपात असते, किल्ली ड्यूटीवरच्या सिस्टरकडे असते आणि वहीत नोंद केल्याशिवाय एकही ॲम्प्यूल बाहेर निघत नाही, मग मागणारा कितीही मोठा असो. ज्याला कामासाठी जेवढा अधिकार लागतो तेवढाच द्यावा, हे तत्त्व संगणकशास्त्रात जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ च्या निबंधात मांडले. घरी ते असे पाळता येते: रोजच्या वापरासाठी ‘स्टँडर्ड’ खाते ठेवावे, ॲडमिनिस्ट्रेटरचे खाते वेगळे ठेवावे आणि त्याचा पासवर्ड मुलांच्या खेळासाठी देऊ नये.

मालकी बदलूनही एक कुलूप उघडत नाही. डिस्क ‘बिटलॉकर’ने सांकेतिक केलेली असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की लागतेच. नव्या लॅपटॉपवर हे संरक्षण अनेकदा आपोआप सुरू असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. जुलै २०२४ मध्ये अनेक कार्यालयांची दुरुस्ती या अंकांपाशीच अडली होती. घरगुती संगणकाची की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती आजच कागदावर उतरवून कपाटात ठेवावी.

फोनवरचा वैद्य

‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, आम्ही कंपनीतून बोलतोय’ असा फोन आला, तर तो ठेवून द्यावा. हे लोक ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडायला लावतात आणि त्यातल्या लाल-पिवळ्या खुणा दाखवून घाबरवतात. अशा खुणा निरोगी संगणकातही असतातच. धडधाकट माणसाच्या रक्ततपासणीतही एखादा आकडा कक्षेच्या किंचित बाहेर असतो आणि त्यावर औषध लागत नाही. खरी कंपनी घरी फोन करून पडदा बघू देण्याची मागणी करत नाही. पडदा दाखवला गेला असेल, तर इंटरनेट तोडावे, दुसऱ्या उपकरणावरून बँकेचे पासवर्ड बदलावे. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम थोपवण्याची शक्यता कमी.

दुकानात नेण्याआधी

सगळे करूनही संगणक सुधारत नसेल, तर ‘रिसेट’ करताना ‘माझ्या फायली ठेवा’ हा पर्याय निवडता येतो. त्यात प्रोग्राम जातात, स्वतःच्या फायली राहतात. तरीही प्रत आधीच घेतलेली असावी. संगणक सुरूच होत नसेल, तर डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडूनही फायली काढता येतात. दुकानदाराने ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असे सांगितले, तर आधी एकच प्रश्न विचारावा: ‘डेटा काढून देणार का?’ होकार मिळाला, तरी काढलेला डेटा स्वतः उघडून पाहिल्याशिवाय फॉरमॅटला संमती देऊ नये. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी जेवढे प्रश्न विचारतो, तेवढे इथेही विचारावेत.

महत्त्वाच्या फायलींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यातली एक घराबाहेर असावी, हा जुना नियम आजही पुरेसा आहे. बाहेरची डिस्क प्रत घेऊन झाली की काढून ठेवावी, म्हणजे संगणकात शिरलेला व्हायरस तिच्यापर्यंत पोहोचत नाही. आणि वर्षातून दोनदा ती डिस्क जोडून त्यातला एक फोटो, एक अहवाल खरोखर उघडतो का ते पाहावे. कधीच उघडून न पाहिलेल्या प्रतीवर भरवसा ठेवता येत नाही.