ताहिती बेटावरील मिकोनिया : अधिवास-योग्यतेच्या नकाशाचा अर्थ

प्रास्ताविक

ताहिती हे फ्रेंच पॉलिनेशियातील सर्वांत मोठे बेट असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,०४५ चौ. कि.मी. आहे. १९३७ मध्ये हॅरिसन स्मिथ या अमेरिकी गृहस्थांनी तेथील पापेआरी गावी आपल्या उद्यानात मध्य व दक्षिण अमेरिकेतील मिकोनिया कॅल्व्हेसेन्स हे झाड शोभेसाठी लावले. पान हातभर लांब, खालून जांभळे; मोह पडावा असेच. आज बेटाच्या दोन-तृतीयांशाहून अधिक भूभागावर या झाडाचा वावर असून ४० ते ५० प्रदेशनिष्ठ वनस्पतींचे अस्तित्व त्यामुळे धोक्यात आले आहे. आपल्या सह्याद्रीतील अंजनी याच कुळातील आहे. परंतु कुळावरून आक्रमकता ठरत नाही.

प्रसाराची कारणे

मिकोनियाचे बी दाट सावलीतही रुजते आणि रोप चार-पाच वर्षांत फुलावर येते. बारीक बी जमिनीत पंधराहून अधिक वर्षे जिवंत राहते. फळे खाऊन बी दूरवर नेणाऱ्या पक्ष्यांत आपल्या परिचयाचा लालबुड्या बुलबुलही आहे. तोही ताहितीत परकाच! एका पाहुण्याने दुसऱ्याची पेरणी करावी, असा हा प्रकार आहे. मोठ्या पानांच्या छायेखाली स्थानिक रोपे उभी राहत नाहीत आणि मुळे उथळ असल्याने तीव्र उतारांवर दरडींचा धोका वाढतो.

नकाशा काय सांगतो?

एखादी वनस्पती जेथे आढळली त्या स्थानांच्या नोंदी तापमान, पर्जन्य, उंची इत्यादी घटकांशी ताडून तत्सम परिस्थिती अन्यत्र कोठे आहे याचा अंदाज बांधणे, म्हणजे अधिवास-योग्यतेचे प्रतिमान होय. २००६ मध्ये स्टीव्हन फिलिप्स व सहकाऱ्यांनी मांडलेली 'मॅक्सएन्ट' ही पद्धत त्यासाठी विशेष रूढ झाली. ताहितीत वार्षिक पर्जन्य २,००० मि.मी.हून अधिक असलेल्या भागात, सुमारे १,४०० मीटर उंचीपर्यंत मिकोनिया फोफावते. वाऱ्यासमोरील ओल्या उतारांना नकाशात गडद रंग मिळतो तो यामुळेच.

तथापि येथे सावधगिरी आवश्यक आहे. जागतिक हवामान-माहिती बहुधा १ कि.मी.च्या चौकटीत मिळते. ताहितीसारख्या खड्या बेटावर तेवढ्या अंतरात उंची शेकडो मीटरने बदलते आणि दरी व कडा एकाच सरासरीत गडप होतात. नोंदीही रस्ते व पायवाटांच्या आसपासच्या अधिक असतात. याहून मूलभूत अडचण अशी की, आक्रमक वनस्पतीचा प्रसार पूर्ण झालेला नसतो. ती एखाद्या खोऱ्यात नाही याचा अर्थ ते खोरे तिला मानवत नाही असा नसून, ती अद्याप तेथे पोहोचली नाही एवढाच असू शकतो. केवळ मूळ प्रदेशातील नोंदींवर विसंबावे तर तेथे तिला आवर घालणारे कीटक व रोग आहेत, बेटावर ते नव्हते. म्हणून प्रस्तुत लेखिकेच्या मते फिकट रंगाची चौकट 'सुरक्षित' म्हणून वगळणे ही गडद चौकटीकडे दुर्लक्ष करण्याइतकीच गंभीर चूक ठरेल.

रायातेआ या शेजारच्या बेटावर प्रादुर्भाव मर्यादित असल्याने १९९२ पासून विद्यार्थी व सैनिकांच्या साहाय्याने रोपे उपटण्याच्या मोहिमा निघाल्या. ताहितीत तो मार्ग उरला नव्हता. तेथे २००० साली मिकोनियावर रोग पाडणारी बुरशी सोडण्यात आली. तिच्यामुळे झाड सहसा मरत नाही. पाने चाळणीसारखी होतात, जमिनीपर्यंत उजेड पोहोचतो आणि त्या उजेडात काही ठिकाणी स्थानिक रोपे पुन्हा उगवू लागली आहेत.