हरिहरेश्वरची प्रदक्षिणा आणि समुद्राचे वेळापत्रक

रायगड जिल्ह्यात सावित्री नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे हरिहरेश्वरचा डोंगर पाण्यात पुढे शिरलेला आहे. देवळामागून पायऱ्या चढून गेले की दुसऱ्या पायऱ्या खडकाच्या अरुंद घळीतून थेट समुद्राकाठी उतरतात. तेथून डोंगराला वळसा घालून परत देवळाकडे यावयाचे, ही तेथील प्रदक्षिणा. भाविक ती पुण्यासाठी करतात, आम्ही करतो ती जीवसृष्टी पाहण्यासाठी. नियम मात्र दोघांनाही एकच: ही वाट ओहोटीलाच उघडते.

हा नियम आम्ही पुस्तकात वाचला नाही. कामगारांची पंधरा-वीस कुटुंबे घेऊन आम्ही तेथे प्रथम गेलो तेव्हा रविवारची सुटी पाहिली, तिथी पाहिली नाही. भर दुपारी बाराला मुलाबाळांसह घळीच्या तोंडाशी आलो. तेथे सरबत विकणारी म्हातारी म्हणाली, "दादा, आज पुनव हाय. पाणी भरलंय. खाली नका जाऊ." आम्ही वाकून पाहिले, तो शेवटच्या पायऱ्यांवर लाटा फुटत होत्या. कारखान्यात अपघात झाला की "आधी सूचना का दिली नाही?" असा जाब आम्ही मालकाला विचारतो. त्या दिवशी तोच जाब आम्हाला विचारावयास हवा होता.

तेव्हा हिशेब समजून घेऊ. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, कारण चंद्रही रोज तेवढाच मागे पडतो. म्हणून आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती. तिच्या सुमारे सव्वासहा तास आधी, पावणेनऊच्या सुमारास, ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येस पाणी पुष्कळ चढते आणि पुष्कळ उतरते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास चढउतार थोडा, तो भांग. म्हणून पाहणाऱ्यास द्वितीया ते चतुर्थी हे दिवस बरे: पाणी बरेच खाली जाते आणि ते सकाळी जाते. आणखी एक ध्यानात ठेवावे. पाणी सहा तास सारख्या गतीने चढत नाही. मधल्या दोन तासांतच निम्मे चढते. पाणी उतरत असताना निघावे आणि ते फिरण्यापूर्वी परतावे. पावसाळ्यात तर जाऊच नये.

आता खडकाकडे पाहा. त्याला मधाच्या पोळ्यासारखी भोके पडली आहेत. खारे पाणी दगडाच्या छिद्रांत शिरते, उन्हाने वाळते, मागे मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा कण न् कण सुटा करतात. लाटेपेक्षा मीठ सावकाश काम करते, पण सुटी घेत नाही.

या खडकावर प्रत्येक जीव आपापल्या पायरीवर राहतो. वरच्या अंगास, जेथे तुषारच पोहोचतात, तेथे बारीक शंख. त्याखाली पांढऱ्या खवल्यांसारखी बार्नॅकल. हा प्राणी खेकड्या-कोळंबीच्या कुळातला. पाणी आले की दार उघडून पायांनी अन्न ओढतो, ओसरले की दार लावून ओल जपतो. त्याखाली कालवे, आणि डबक्यांत समुद्रफुले व शंखात बिऱ्हाड केलेले खेकडे. कोणी उन्हाने वाळू नये म्हणून खाली राहतो, कोणी शत्रू टाळावा म्हणून वर.

काठावर राखी बगळा आणि पांढरा बगळा शेजारी दिसले तर दोन जाती समजू नका. समुद्री बगळा दोन्ही रंगांत असतो. वर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड घिरट्या घालतो. नशीब असेल तर दूर पाण्यात डॉल्फिनची पाठ वर येऊन जाते.

एवढेच सांगणे की दगड उलटून पाहिला तर पुन्हा होता तसा ठेवावा, जिवंत शंख खिशात घालू नये, ओल्या शेवाळावर पाय देऊ नये. आणि आमचा हिशेब ढोबळ आहे, म्हणून घळीत उतरण्यापूर्वी गावातल्या माणसाला विचारावे. पुढच्या खेपेस आम्ही तृतीयेला गेलो, पण त्या म्हातारीला विचारूनच खाली उतरलो.