एक औजार, दोन जमिनी

१९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे व तेलंगण एकाच राज्यात असल्यामुळे दोन अगदी भिन्न प्रकृतींच्या जमिनी कसणारी रयत हैदराबाद या एकाच राजधानीकडे पाहत असे. एक जमीन मराठवाड्याची काळी, चिकण. दुसरी तेलंगणातली तांबडी, वालुकामय, जिला तिकडे ‘चलका’ म्हणतात. औजाराच्या निवडीचा विचार या भेदापासून सुरू करावा लागतो; दुकानदार मात्र तो बहुधा अश्वशक्तीपासून सुरू करतो.

काळ्या जमिनीचा स्वभाव विलक्षण आहे. पाण्याने ती फुगते, वाळली की आकसते, आणि वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत उतरते व पावसाळ्यात खालची माती फुगून वर रेटली जाते, म्हणजे काही अंशी ही जमीन स्वतःलाच नांगरीत असते. म्हणून तिला दरसाल खोल नांगरट लागत नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा पुरते. हरळी किंवा कुंदा माजला असेल तर गोष्ट वेगळी: मग उन्हाळ्यात खोल नांगरून त्यांची मुळे उन्हाच्या स्वाधीन केल्यावाचून गत्यंतर नाही. एरवी खरे काम वखराचे. त्याची लोखंडी पास जमिनीखाली दोन-तीन बोटे सरकत जाते, तणांची मुळे छाटते, भेगा बुजविते आणि खालची ओल राखते. तेलुगू शेतकरी याच औजाराला ‘गुंटक’ म्हणतो आणि आपल्या तिफणीच्या जातीच्या पेरणी-औजाराला ‘गोर्रू’. भाषा बदलली तरी दख्खनच्या कुणब्याचे शहाणपण बदललेले नाही.

लाकडी नांगर माती चिरतो, पण उलथीत नाही. उलथणारा लोखंडी नांगर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे पहिले गिऱ्हाईक मिळायला त्यांना दोन वर्षे लागली. त्या रयतेला आज आपण हसतो. मला मात्र नव्या औजाराला भिणाऱ्यापेक्षा ते पाहताच बयाणा देणाऱ्याची काळजी अधिक वाटते, आणि तिचे कारण रोटाव्हेटर हे आहे.

तेलंगणात तळ्याच्या पाण्यावर भात लावण्यापूर्वी चिखलणी करतात. तिथे मातीची घडण मोडावी, पाणी खाली झिरपू नये आणि तळाशी घट्ट थर बसावा हाच हेतू असल्याने रोटाव्हेटरची वाकडी, फिरती पाती अगदी योग्य ठरतात. तेच यंत्र कापूस-सोयाबीनच्या काळ्या रानात वर्षानुवर्षे फिरवले म्हणजे वरची माती पिठासारखी होते आणि पहिल्या जोरदार सरीने दबून तिची खपली धरते; खाली, पाती पोचतात त्याच्या तळाशी, कठीण थर जमतो, जो मुळांना आणि पाण्याला सारखाच अडवितो. शिवाय हरळीचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा फुटतो. रान मात्र दोन दिवस फार देखणे दिसते!

हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा व सरी ही पद्धत रूढ करू पाहिली आणि तिच्यासाठी बैलांनी ओढावयाचे, चाकांवरचे बहुउद्देशी औजार पुढे केले. नांगरट, पेरणी, कोळपणी, फार काय गाडीचे कामही ते करी. परंतु साध्या औजारांच्या मानाने ते महाग आणि जड होते, आणि शेतकऱ्यांनी ते स्वीकारले नाही. पद्धत मात्र टिकली: आज मराठवाड्यात सोयाबीनची जी पेरणी ट्रॅक्टरमागच्या बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) यंत्राने होते, तिच्यामागे हाच विचार आहे. अतिवृष्टीत सरीतून पाणी निघून जाते, ताण पडला तर वरंब्यातली ओल पिकाला आधार देते.

तेव्हा खरेदीचा क्रम मी असा मानतो: वखर किंवा कोळपे आणि पेरणीचे साधन घरचे असावे, कारण वाफसा आला की दुसऱ्याची वाट पाहायला सवड नसते, पलटी नांगर दोन-तीन वर्षांतून एकदा लागतो, तो भाड्याने आणावा, रोटाव्हेटर भात नसेल तर शेवटी, आणि शक्यतो नाहीच. मशागत हा शब्द ‘मशक्कत’ या अरबी शब्दावरून आला असला तरी जास्त मशक्कत म्हणजे चांगली मशागत असे समीकरण कुठल्याही दफ्तरात नोंदलेले नाही. आणि कोणी खोलवर जमीन फोडणाऱ्या सबसॉयलरची शिफारस केली, तर आधी फावडे घेऊन उभ्या पिकात दीड फुटाचा खड्डा खणा व मुळे पाहा. ती कुठे आडवी वळलेली दिसली नाहीत, तर ते पैसे खिशातच राहू द्या.