निवृत्तीनंतरचा चित्रकार : विषय आहे, प्रश्न कुठे आहे?

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या बऱ्याच जणांचं एकच दुखणं असतं. विषय असतो, प्रश्न नसतो. ‘निवृत्तीनंतर चित्रकार म्हणून दुसरी कारकीर्द’ हा विषय घ्या. ऐकायला छान आहे, घरच्यांनाही समजतो. पण गाईडने विचारलं, ‘बरं, मग यात तुम्हाला शोधायचं काय?’ की गाडी तिथंच अडते. म्हणून आज हा विषय प्रश्नापर्यंत कसा न्यायचा ते बघू. क्षेत्र म्हणून वर्धा जिल्ह्यातलं पुलगाव घेऊ. मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावरचं हे गाव, एका बाजूला लष्कराचा दारूगोळ्याचा डेपो आणि दुसरीकडे बंद पडलेली कापड गिरणी. निवृत्तीवर काम करणाऱ्याला असं गाव सोन्यासारखं. का, ते पुढे येईल.

पहिला गुंता ‘कारकीर्द’ या शब्दाचा. समजा, डेपोतून निवृत्त झालेले एक काका रोज सकाळी तीन तास निसर्गचित्रं काढतात, पण एकही विकलेलं नाही. ही कारकीर्द की छंद? समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टेबिन्स यांनी 1982 साली यासाठी एक संकल्पना मांडली. मराठीत आपण तिला ‘गंभीर फुरसत’ म्हणू. चिकाटी, मेहनतीने मिळवलेलं कौशल्य, टप्प्याटप्प्याने होणारी वाढ आणि ‘मी चित्रकार आहे’ ही ओळख, हे सगळं असेल तर पैसा मिळो न मिळो, तिथे एक वाटचाल असतेच. ही व्याख्या घेतलीत तर काका तुमच्या अभ्यासात बसतात. उत्पन्नाची घेतलीत तर बाहेर पडतात. दोन्ही चालतील, पण कोणती घेतली ते पहिल्या पानावर लिहा. प्रबंध निम्मा झाल्यावर व्याख्या बदलणाऱ्यांचे हाल मी बघितलेत.

दुसरा गुंता ‘नंतर’ या शब्दात आहे. आँरी रूसो हा पॅरिसच्या जकात खात्यातला कर्मचारी. 1893 साली, वयाच्या 49 व्या वर्षी तो नोकरीतून बाहेर पडला आणि तुटपुंज्या पेन्शनवर पूर्णवेळ चित्रकार झाला. गोष्ट अशीच सांगतात. पण 1886 पासूनच तो प्रदर्शनात चित्रं लावत होता! आपल्याकडे सुधीर पटवर्धन बघा. 1949 साली पुण्यात जन्म, शिक्षण सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, आणि 2005 पर्यंत ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम. त्यानंतर पूर्णवेळ चित्रकार. मात्र त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन 1979 मधलं. म्हणजे निवृत्तीने त्यांना चित्रकार केलं नाही, वेळ दिला. म्हणून ‘निवृत्तीनंतर सुरुवात केली’ असं कुणी सांगितलं की लगेच टिपून घेऊ नका. शाळेत इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा दिली होती का, नोकरीत असताना गणपतीची सजावट कोण करायचं, ऑफिसचे फलक कोण रंगवायचं, हे विचारा. कारकिर्दीची मुळं बहुतेक तिथे सापडतील.

आता आधीचं संशोधन. या विषयावर हमखास उद्धृत होणारे दोन अभ्यास आहेत आणि दोन्ही चुकीच्या पद्धतीने उद्धृत होतात.

पहिला जर्मनीतला, 2014 साली ‘प्लॉस वन’मध्ये आलेला. 28 निवृत्त माणसं, दोन गट. एका गटाने दहा आठवडे स्वतः चित्रं काढली. दुसऱ्याने तेवढाच काळ संग्रहालयातली चित्रं बघून त्यांवर चर्चा केली. आधी आणि नंतर मेंदूचं स्कॅनिंग केलं. चित्रं काढणाऱ्यांच्या मेंदूतल्या काही भागांमधलं परस्परसंधान वाढलेलं दिसलं, चर्चा करणाऱ्यांत तसं दिसलं नाही. यातली खरी हुशारी दुसऱ्या गटात आहे. तो गट नसता तर कुणीही म्हणालं असतं, ‘अहो, घराबाहेर पडले, चार लोकांत मिसळले, म्हणून फरक पडला.’ तुलनेचा गट असा निवडायचा असतो. पण एका गटात फक्त चौदा माणसं! एवढ्यावरून ‘चित्रकलेने म्हातारपण लांबतं’ असं लिहिणं म्हणजे शितावरून भाताची नाही, अख्ख्या शेताची परीक्षा.

दुसरा अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा, 2015 चा. वय 85 आणि त्यापुढच्या 256 जणांचा सुमारे चार वर्षं मागोवा घेतला. चित्रकला, शिल्पकला यांसारख्या कलांत रमणाऱ्यांना स्मृती-आकलनाच्या सौम्य ऱ्हासाची जोखीम 73 टक्क्यांनी कमी आढळली. बातम्यांत हा आकडा गाजला. बारीक अक्षरातलं वाक्य मात्र कुणी वाचत नाही: हा आकडा मध्यवयात आणि उतारवयात, दोन्ही काळांत कला जोपासणाऱ्यांचा आहे. साठाव्या वर्षी पहिल्यांदा ब्रश धरणाऱ्याबद्दल तो काही सांगत नाही. शिवाय मध्यवयात काय करत होतो हे त्या लोकांनी आठवून सांगितलेलं. आणि ज्याची तब्येत, शिक्षण, ऐपत आधीच बरी, तोच चित्रं काढत बसला असेल तर? मग कारण चित्र की ऐपत?

इथे पुलगाव कामाला येतं. डेपोतले जुने नागरी कर्मचारी केंद्र सरकारची पेन्शन घेतात. 1 जानेवारी 2004 नंतर लागलेल्यांना मात्र नवी अंशदायी योजना. आणि खासगी गिरणीत राबलेल्या कामगाराला बहुधा ईपीएस-95, जिची किमान रक्कम 2014 पासून महिना 1,000 रुपये आहे. गाव एक, ऊन एक, नदी एक, आणि हातात येणारा पैसा वेगळा. कॅनव्हास, रंग, फ्रेम, नागपूरला हॉल घेऊन प्रदर्शन, हे कुणाला जमेल? तुमचा प्रश्न हा असू शकतो: एकाच गावात निवृत्तीनंतरच्या कलेवर पेन्शनच्या प्रकाराचा काय परिणाम होतो? हा प्रश्न मोजता येतो, आणि कुणाच्या तरी जगण्याशी त्याचा संबंध आहे.

आणखी एक गाळणी बघा. ‘निवृत्त’ म्हटलं की नोकरी आलीच. मध्य प्रदेशातल्या उमरिया जिल्ह्यातल्या जोधइया बाई बैगा मजुरी करायच्या. सत्तरीच्या आसपास त्यांनी चित्रं काढायला सुरुवात केली आणि 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची निवृत्तीची तारीख काय लिहाल? आयुष्यभर घर सांभाळलेल्या काकूंची काय? नमुना फक्त पेन्शनच्या यादीतून काढलात तर या सगळ्या आपोआप गळतील. आणि मग प्रबंधात ‘महिला चित्रकार कमी आढळल्या’ असं वाक्य येईल.

मुलाखतीबद्दल थोडक्यात. ‘चित्रं का काढता?’ विचारलंत की ‘समाधान मिळतं’ एवढंच उत्तर येईल. त्यापेक्षा विचारा: रंग कुठून आणता, घरात कुठे बसता, त्या जागेवरून भांडण झालं का, पहिलं चित्र कुणाला दिलं? डेपोच्या आतल्या कामाबद्दल विचारू नका, त्या भागात फोटो काढू नका; तो संरक्षित परिसर आहे.

नैतिकता समितीचा फॉर्म भरताना एक पेच येईल, त्याची तयारी आधीच ठेवा. नियम सांगतो, सहभागी व्यक्तीचं नाव बदला. पुलगावसारख्या गावात ‘डेपोतून निवृत्त, तैलरंगात काम करणारे’ एवढं लिहिलं तरी स्टेशनवरचा चहावाला घर दाखवेल. आणि खुद्द काका म्हणतील, ‘नाव का लपवता? चित्रं माझी आहेत ना!’ म्हणून संमतीपत्रात दोन वेगळ्या चौकटी ठेवा: एक मुलाखतीतल्या नावासाठी, एक चित्राखालच्या नावासाठी. पेन्शन, कर्ज, घरातली कुरबुर याबद्दलचं बोलणं निनावी राहू द्या. चित्राखाली मात्र, त्यांनी हो म्हटलं तर, त्यांची सही दिसू द्या. पण दोन्ही एकाच प्रकरणात छापू नका. वाचणारा दोन मिनिटांत जोडून काढेल.