आधी भाकरी, मग उपदेश

आळवी गावची कथा आपल्या विहारांत सांगितली जाते. हरवलेला बैल शोधून दमलेला एक गरीब शेतकरी उपाशीपोटी धम्म ऐकायला आला. तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि मगच उपदेश केला. सुदानच्या बातम्या वाचताना आम्हांला हीच कथा आठवते.

१५ एप्रिल २०२३ रोजी आफ्रिकेतील सुदानमध्ये लष्कर आणि 'आरएसएफ' हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले. एक कोटीहून अधिक माणसे घरदार सोडून निघाली. ऑगस्ट २०२४ मध्ये उत्तर दारफूरच्या झमझम छावणीत उपासमारीने दुष्काळाची पातळी गाठल्याचे जाहीर झाले. जवळच्या एल फाशर शहराला वेढा पडला, तेव्हा लोकांनी भुईमुगाची पेंड खाऊन दिवस काढले. आपल्याकडे पेंड गुरांपुढे ठेवतात!

या लोकांचे अन्न म्हणजे आपलीच ज्वारी. तिच्या आंबवलेल्या पिठाची पातळ 'किसरा' ही त्यांची भाकरी. म्हणून मदतीत ज्वारी, डाळ, तेल, मीठ असते. माणशी रोज २,१०० कॅलरी, हा त्यामागचा हिशेब. कुपोषित बाळांसाठी शेंगदाण्याचे पौष्टिक लगदे असतात.

पण पोते पोचवायचे कसे? पोर्ट सुदानहून निघालेला १५ ट्रकांचा ताफा १,८०० किलोमीटर कापून गेला. २ जून २०२५ च्या रात्री अल कोमा येथे त्याच्यावर हल्ला झाला. ५ जण ठार झाले. ते धान्य उपाशी माणसांपर्यंत गेलेच नाही.

जिथे ट्रक जात नाहीत, तिथे वस्तीतलेच तरुण आणि आयाबाया उभ्या राहिल्या. परदेशातल्या नातलगांनी पाठवलेल्या पैशांतून, मिळेल त्या मदतीतून त्यांनी गल्लोगल्ली सामुदायिक चुली पेटवल्या. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत थांबली आणि अशा शेकडो चुली विझल्या. उरलेल्या त्यांनी जिद्दीने चालू ठेवल्या.

हे दुःख आपल्याला परके नाही. १९७८ साली नामांतराच्या प्रश्नावर मराठवाड्यात आपली घरे जळाली, माणसे गाव सोडून गेली. त्या पहिल्या रात्री त्यांना कोणी जेवू घातले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना जरूर विचारा.

उरलेसुरले देणे म्हणजे दान नव्हे. रांगेतल्या माणसाची जात, टोळी, पक्ष न विचारता त्याच्या ताटात वाढणे, हे दान. सुदानच्या त्या चुलींवर ते आपल्या डोळ्यांदेखत घडले आहे.