संकेतस्थळ-पूरके

आशय व्यवस्थापन प्रणालीच्या साहाय्याने उभारलेल्या संकेतस्थळाला मूळ प्रणालीत नसलेली कार्ये जोडून देणाऱ्या स्वतंत्र आज्ञावल्यांना पूरके म्हणतात. व्यवहारात त्यांना ‘प्लगिन’ हे नाव रूढ आहे. ड्रूपल या प्रणालीत त्यांना ‘मॉड्यूल’, तर जूमला या प्रणालीत ‘एक्स्टेन्शन’ म्हणतात. अर्ज भरून घेणे, शुल्क स्वीकारणे, संकेतस्थळाची राखीव प्रत ठेवणे, एकच मजकूर अनेक भाषांत दाखविणे ही पूरकांकरवी होणारी काही नेहमीची कामे होत. मूळ प्रणाली आटोपशीर ठेवावी आणि ज्याला जे कार्य हवे त्याने ते जोडून घ्यावे, हे या रचनेमागील तत्त्व आहे. त्यामुळे अत्यल्प खर्चात संकेतस्थळ उभारणे शक्य झाले. परंतु कोणते पूरक घ्यावे व कोणते टाळावे, हा निर्णय तंत्रज्ञाइतकाच संस्थाचालकावरही येऊन पडला.

इतिहास : सुरुवातीच्या संकेतस्थळांची पाने एकेक करून हाताने लिहिली जात. मजकूर विदागारात साठवून मागणी होताच त्याचे पान तयार करणाऱ्या प्रणाली २००० च्या सुमारास प्रचारात येऊ लागल्या. बेल्जियममधील ड्रीस बॉयटार्ट यांनी २००१ मध्ये ड्रूपल प्रसिद्ध केली. मॅट मुलेनवेग व माइक लिटल यांनी ‘बी-टू’ या आधीच्या आज्ञावलीवरून विकसित केलेली वर्डप्रेस ही प्रणाली २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध झाली, तर जूमला २००५ मध्ये अस्तित्वात आली. वर्डप्रेसमध्ये पूरकांची सोय मे २००४ मधील १·२ या आवृत्तीपासून आहे. या प्रणालीच्या अधिकृत संग्रहात आज सुमारे ६० हजार विनामूल्य पूरके आहेत. संग्रहातील पूरकांना मुक्त वापराचा परवाना असणे बंधनकारक असून त्यांची मूळ आज्ञावली कोणासही वाचता येते.

कार्यपद्धती : मूळ प्रणाली पान तयार करीत असताना ठराविक टप्प्यांवर क्षणभर थांबून येथे कोणाला काही करावयाचे आहे काय, याची विचारणा करते. या टप्प्यांना ‘हुक’ म्हणतात. त्या टप्प्यावर एखादे नवे काम करणारे पूरक क्रिया घडविते, तर प्रणालीकडून आलेला मजकूर बदलून परत देणारे पूरक गाळणीसारखे काम करते. मूळ आज्ञावलीला हात न लावता कार्यात भर पडत असल्यामुळे मूळ प्रणालीची नवी आवृत्ती घेताना जोडलेली कार्ये पुसली जात नाहीत.

या रचनेतच तिचा धोकाही आहे. वर्डप्रेससारख्या प्रणालीत पूरकाला मूळ प्रणालीइतकेच अधिकार मिळतात. ते विदागार वाचू शकते, फाइली बदलू शकते व बाहेर संदेश पाठवू शकते. गॅलरीत छायाचित्रे सरकविण्यापुरते घेतलेले पूरकही विद्यार्थ्यांच्या अर्जांपर्यंत पोहोचू शकते. म्हणून पूरक घेणे म्हणजे त्याच्या कर्त्यावर संपूर्ण संकेतस्थळासाठी विश्वास टाकणे होय.

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील स्थिती : या दोन जिल्ह्यांत संकेतस्थळांचे दोन भिन्न प्रकार आढळतात. नांदेड व लातूर या जिल्हा प्रशासनांची संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या ‘एस-थ्री-वास’ या सेवेवर उभी आहेत. तेथे रचना व सुरक्षा यांची जबाबदारी केंद्राकडे आणि आशयाची जिल्हा प्रशासनाकडे, अशी विभागणी असते. दुसरा प्रकार महाविद्यालये, शिकवणी वर्ग, पतसंस्था, रुग्णालये व ग्रंथालये यांचा. १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेल्या नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे जिल्हे येतात. अशा विस्तृत प्रदेशातील छोट्या संस्थेला पूर्णवेळ संगणकतज्ञ ठेवणे परवडत नाही. संकेतस्थळ बाहेरच्या व्यक्तीकडून करवून घेतले जाते आणि पुढे ते कार्यालयातील एखाद्या लिपिकाच्या हाती राहते. पूरकांची निवड या लिपिकाला झेपेल अशी असणे, ही येथील पहिली कसोटी होय.

दहावी-बारावीच्या निकालानंतरच्या प्रवेशाच्या काळात या संकेतस्थळांवर एकदम गर्दी होते. ‘लातूर पॅटर्न’मुळे लातूरकडे बाहेरच्या जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांचा ओघ असतो. किनवट, देगलूर किंवा निलंगा तालुक्यातील विद्यार्थी गुणवत्ता यादी बहुधा भ्रमणध्वनीवरच पाहतो. पान उघडले नाही किंवा जुनीच यादी दिसली, तर प्रवेशाची तारीख हुकते आणि वर्ष वाया जाऊ शकते. पूरकांच्या निवडीचे महत्त्व अशा प्रसंगी प्रत्ययास येते.

आवश्यक पूरके : बहुतेक संस्थांची गरज पुढील पाच प्रकारांत भागते.

(१) राखीव प्रत : विदागार व फाइली यांची प्रत ठरावीक काळाने आपोआप घेणारे पूरक सर्वांत आधी बसवावे. ही प्रत संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर आहे त्याच सर्व्हरवर ठेवल्यास दोन्ही एकाच वेळी नष्ट होण्याचा संभव असतो, म्हणून ती अन्यत्र साठवावी. प्रतीवरून संकेतस्थळ पुन्हा उभे करण्याची तालीम वर्षातून एकदा तरी करावी. तालीम न झालेल्या प्रतीवर विसंबता येत नाही.

(२) सुरक्षा : वारंवार चुकीचा परवलीचा शब्द देणाऱ्यास रोखणे, प्रवेशासाठी भ्रमणध्वनीवरील दुसरी खूण मागणे आणि फाइलींतील संशयास्पद बदल कळविणे ही कामे हे पूरक करते. मात्र जुन्या, दुरुस्त न केलेल्या पूरकांचे दोष त्याने नाहीसे होत नाहीत.

(३) तात्पुरता साठा : एकदा तयार झालेले पान जपून ठेवून पुढच्या वाचकास तेच देणाऱ्या या पूरकामुळे गर्दीच्या वेळी सर्व्हरवरील ताण पुष्कळ कमी होतो. परंतु यादी दुरुस्त केल्यावर हा साठा रिकामा केला नाही, तर वाचकास जुनी यादी दिसत राहते. अर्जाची पाने या साठ्यातून वगळावीत. त्यांतील सुरक्षा-खूण कालबाह्य झाली की भरलेला अर्ज नाकारला जातो.

(४) अर्ज व टपाल : अर्ज भरून घेणारे पूरक निवडताना माहिती कोठे साठते हे आधी पहावे. आधारपत्र किंवा गुणपत्रक यांच्या प्रती सर्वांना खुल्या असलेल्या फाइलसंग्रहात पडल्यास त्या कोणाच्याही हाती लागू शकतात. वैयक्तिक अंकीय माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये कायदा केला आहे. अनावश्यक माहिती न मागणे हा यावरील सर्वांत साधा उपाय होय. अर्ज मिळाल्याची पोच ई-टपालाने जाणार असल्यास ती खात्रीच्या टपालसेवेमार्फत पाठविणारे पूरकही जोडावे. एरवी ती नको असलेल्या टपालात जाऊन पडते.

(५) बहुभाषिकता : नांदेडच्या तख्त सचखंड श्री हुजूर साहिब येथे देशभरातून व परदेशांतून यात्रेकरू येतात. त्यांच्यासाठी निवासाची माहिती देणाऱ्यास मराठीखेरीज पंजाबी, हिंदी व इंग्रजी या भाषांची गरज भासते. देगलूर-बिलोली भागात तेलुगू, उदगीर-देवणी भागात कन्नड बोलणारे वाचक आहेत आणि दोन्ही जिल्ह्यांत उर्दू वाचकवर्ग आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली जात असल्याने निवडलेले पूरक व संकेतस्थळाची मांडणी ही दोन्ही त्या दिशेला अनुकूल हवीत. प्रत्येक भाषेचे पान स्वतंत्रपणे लिहू देणारे पूरक यंत्रानुवाद करणाऱ्या पूरकापेक्षा अधिक विश्वसनीय असते. शुल्क, तारखा व नियम यांचा अनुवाद माणसाने तपासल्यावाचून प्रसिद्ध करू नये.

मराठी आशयाचे विशेष प्रश्न : पुष्कळशी पूरके रोमन लिपी गृहीत धरून लिहिलेली असतात. पानाच्या शीर्षकावरून त्याचा पत्ता आपोआप तयार करताना वर्डप्रेस देवनागरीतील प्रत्येक चिन्हासाठी सांकेतिक रूपात ९ अक्षरे खर्च करते आणि पत्त्याच्या या भागाला २०० अक्षरांची मर्यादा आहे. काना, मात्रा, वेलांटी व हलन्त ही प्रत्येकी स्वतंत्र चिन्हे असल्यामुळे सुमारे २२ चिन्हांनंतर पत्ता तुटतो. उदा., ‘जिल्ह्यातील पाणीपुरवठा वेळापत्रक’ या शीर्षकाचा पत्ता तिसऱ्या शब्दाच्या ‘व’वरच थांबतो. ‘जिल्ह्यातील पाणीपुरवठा विभाग’ या शीर्षकाचेही तेच होते आणि दोन पत्ते वेगळे राखण्यासाठी प्रणालीला आकडा जोडावा लागतो. यासाठी लिप्यंतर करणारे पूरक मिळते. तथापि पत्ता रोमन लिपीत हाताने थोडक्यात लिहिल्यास तेही लागत नाही.

शोध हा दुसरा प्रश्न. वर्डप्रेसचा अंगभूत शोध अक्षरे जुळवून पाहतो. त्यामुळे ‘पाणी’ शोधणाऱ्यास ‘पाण्याचा’ हे रूप सापडत नाही. ‘शेतकऱ्यांना’ यातील ऱ्य दोन वेगवेगळ्या सांकेतिक पद्धतींनी टंकित होतो व डोळ्यांना सारखा दिसला तरी यंत्राला तो एकच वाटेल असे नाही. शोधाचे पूरक घेण्यापूर्वी ते अशाच शब्दांवर पारखावे. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांतील मजकुराचे रूपांतर हे एकदाच करावयाचे काम असल्याने ते बाहेर करून घ्यावे. त्यासाठी कायमचे पूरक बाळगू नये.

काही उणिवा कोणतेही पूरक भरून काढू शकत नाही. सूचनेचा कागद छायाचित्राच्या रूपात चढविला, तर अंध वाचकाचे वाचनयंत्र तो वाचू शकत नाही व शोधातही तो येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात माहिती व दळणवळण सुगम असण्याविषयी तरतुदी आहेत. ‘सुगम्यता’ देण्याचा दावा करणारे पूरक अक्षरांचा आकार व रंग बदलते; सूचना अक्षरांत टंकित करण्याचे काम मात्र कार्यालयालाच करावे लागते.

निवडीचे निकष : प्रथम गरज एका वाक्यात लिहून काढावी व ती मूळ प्रणालीनेच भागते काय ते पहावे. पूर्वी पूरकांकडे असलेली काही कामे पुढे मूळ प्रणालीत आली आहेत. उदा., शोधयंत्रांसाठी पानांची यादी देणे आणि चित्रे गरजेपुरतीच उतरविणे या सोयी वर्डप्रेसमध्ये ऑगस्ट २०२० मधील ५·५ या आवृत्तीपासून अंगभूत आहेत. अशी पूरके काढून टाकावीत. त्यानंतर पूरकाची शेवटची दुरुस्ती केव्हा झाली, ते चालू आवृत्तीवर तपासलेले आहे काय, कर्ता प्रश्नांना उत्तरे देतो काय आणि पूरक काढल्यास त्यातील माहिती परत मिळते काय, हे पहावे. एका कामासाठी एकच पूरक असावे. नवे पूरक आधी संकेतस्थळाच्या चाचणी-प्रतीवर बसवून त्याने पान किती जड होते हे साध्या भ्रमणध्वनीवर पहावे. पूरकांच्या संख्येपेक्षा प्रत्येक पानावर ती किती भार घालतात हे अधिक महत्त्वाचे आहे.

केवळ लोकप्रियता हा पुरेसा निकष नव्हे. सप्टेंबर २०२० मध्ये ‘फाइल मॅनेजर’ या सात लाखांहून अधिक संकेतस्थळांवरील पूरकात असा दोष उघडकीस आला, की ज्यामुळे परवलीच्या शब्दावाचून कोणालाही सर्व्हरवर फाइल चढविता येत होती. २०१७ मध्ये ‘डिस्प्ले विजेट्स’ हे सुमारे दोन लाख संकेतस्थळांवरील पूरक मूळ कर्त्याने विकल्यानंतर त्यात जाहिरातींचा मजकूर घुसविणारी चोरवाट आढळली आणि ते संग्रहातून काढण्यात आले. विक्रीच्या पूरकांच्या चोरट्या प्रती तर सर्वथा वर्ज्य समजाव्यात. त्यांत अशी चोरवाट मुद्दाम ठेवलेली असू शकते व त्यांना अधिकृत दुरुस्त्याही मिळत नाहीत. नुसते बंद ठेवलेले पूरकही निर्धोक नसते, कारण त्याच्या फाइली सर्व्हरवर तशाच राहतात.

देखभाल : पूरकांच्या दुरुस्त्या वेळेवर घेणे हे निवडीइतकेच महत्त्वाचे आहे. वर्डप्रेसमध्ये त्या आपोआप घेण्याची सोय आहे. मात्र प्रवेश किंवा निकालाच्या ऐन दिवसांत मोठे बदल करू नयेत. सुरक्षेची दुरुस्ती असल्यास ती राखीव प्रत घेऊन लगेच करावी. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार शासकीय संस्था, कंपन्या व सेवा पुरवठादार यांनी निर्दिष्ट सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे आवश्यक आहे.

प्रत्येक पूरकाचे नाव, प्रयोजन, परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख व जबाबदार व्यक्ती यांची नोंदवही कार्यालयात असावी. संकेतस्थळाचे नाव, सर्व्हरचे खाते व परवाने संस्थेच्याच नावावर असावेत. ते बाहेरच्या व्यक्तीच्या नावावर राहिले व ती व्यक्ती गाव सोडून गेली, की उत्तम निवडलेली पूरकेही निरुपयोगी ठरतात. ज्या पूरकाचे प्रयोजन नोंदवहीत एका ओळीत लिहिता येत नाही, ते काढून टाकणे इष्ट असते.